नॅनोकण आणि आपली तांबडी माती: या चुका टाळा

तुळशीच्या पाल्याचा काढा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण. हळूहळू फिकट पिवळं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं आणि मुलं टाळ्या वाजवतात, चांदीचे नॅनोकण झाले म्हणून! गोव्यात फोंड्याकडच्या मुलांना विज्ञान प्रकल्पात मदत करताना हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. पुढे अगर प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या बशीवर) थेंब टाकायचा, त्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ मोजायचं, वहीत लिहायचं. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये. एका मुलीने ते मिरचीच्या रोपाला घातलं. "पाल्यापासूनच केलंय ना, सर." ही समजूत आम्हीच तिला दिली होती.

"हिरव्या पद्धतीने केलं, म्हणजे निर्धोक"

पाला फक्त चांदीच्या आयनांचं (विद्युतभार असलेल्या अणूंचं) चांदीत रूपांतर करतो आणि कणाभोवती एक लेप चढवतो. आतला कण चांदीचाच असतो आणि तो पाण्यात हळूहळू चांदीचे आयन सोडत राहतो. प्लेटवर ज्याने जिवाणू मारले, तो कुंडीत गेल्यावर चांगले-वाईट जिवाणू निवडत बसणार नाही. अमोनियाचं नायट्रेट करणारे मातीतले जिवाणू तर चांदीला फारच हळवे असतात.

उरलेल्या द्रावणात चमचाभर मीठ घाला. तपकिरी रंग मळकट होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि सकाळपर्यंत तळाला गाळ बसतो. न वापरलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ पडलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका येतो. हा गाळ बाटलीत भरून, चिठ्ठी लावून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या. बेसिनमध्ये नको.

"बाटलीत होता तसाच कण मातीत राहतो"

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही, आणि जाहिरात करणारे व घाबरवणारे दोघेही ती करतात.

१ ते १०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण इतका वेगळा का वागतो, ते आधी पाहू. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. पदार्थ तेवढाच, पण बाहेरच्या जगाला भिडणारी जागा दहा लाखपट. म्हणून तो पटकन विरघळतो, पटकन चिकटतो, पटकन बदलतो.

आता तो आपल्या जांभ्याच्या मातीत पडला असं धरा. ही माती आम्लधर्मी, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली. झिंक ऑक्साइडचा कण आम्लात विरघळतो आणि थोड्याच काळात प्रश्न "नॅनो"चा न उरता साध्या जस्ताचा होतो. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र विरघळत नाही. मातीच्या कणांना, ह्यूमसला (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला) चिकटून तिथेच बसतो. शिवाय आपल्या मातीला तांबडा रंग देणारी लोहाची ऑक्साइडं स्वतःच बरीचशी नॅनो आकाराची आहेत. लाखो वर्षांपासून. म्हणजे नुसता आकार हे विष नव्हे. कण कशाचा, त्यावर लेप कसला आणि माती कुठली, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

खाजणात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, गोष्ट आणखी बदलते. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) येणाऱ्या खाऱ्या पाण्यात कण, उरलेल्या द्रावणात मीठ घातल्यावर जसे बसतात तसेच, गोळा होऊन चिखलात बसतात. तिथल्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात सल्फाइड असतं. त्याच्याशी जोडलेली चांदी सिल्व्हर सल्फाइड होते, फार कमी विरघळते आणि तिचा विषारीपणा बराच उतरतो. जस्त आणि तांब्याची सल्फाइडं मात्र खाजण सुकून हवा लागली की पुन्हा मोकळी होऊ शकतात. कोरगुट (खारं पाणी सोसणारा भात) पिकतो, खेकडे राहतात ते याच चिखलात. म्हणून "पाण्यात दिसत नाही, म्हणजे गेलं" असं खाजणाबद्दल कधी म्हणू नका.

किती घातलं, ते न बघता निष्कर्ष

किलोभर मातीत १००० मिलिग्रॅम कण घालून रोप मेलं, याने फारसं काही सिद्ध होत नाही. प्रयोगात तीन कुंड्या हव्यातच: एकीत नॅनोकण, दुसरीत तोच पदार्थ साध्या भुकटीत, तिसरीत त्याच धातूचा विरघळणारा क्षार. नाहीतर दोष आकाराचा की धातूचा, ते कळणार नाही.

पण म्हणून हसण्यावारी नेऊ नका. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या सोयाबीनवरच्या प्रयोगात सिरियम ऑक्साइडच्या नॅनोकणांनी मुळांच्या गाठींतलं नायट्रोजन स्थिरीकरण (हवेतला नायट्रोजन झाडासाठी बांधण्याचं काम) घटवलं, तर झिंक ऑक्साइड दिलेल्या झाडांच्या दाण्यांत जस्त साठलं. भातानंतर अळसांदे (चवळी) लावणाऱ्यांनी एक रोप हलक्या हाताने उपटून मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी असेल तर ती काम करते आहे. हिरवट किंवा पांढरी असेल तर कारण शोधा.

सगळं "नॅनो" एकाच पोत्यात

नॅनो युरिया म्हणजे चांदी नव्हे. तो मातीत धातू सोडत नाही. त्याची अडचण साध्या हिशेबाची आहे. २०२१ मध्ये आलेल्या ४ टक्के नायट्रोजनच्या ५०० मिलीलिटर बाटलीत नायट्रोजन सुमारे २० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो. पानांवर फवारलेलं कितीही लागू पडलं, तरी गोणी पूर्ण बंद केली तर पीक ती भूक मातीतल्या सेंद्रिय साठ्यातून भागवणार.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, उलट प्रकार. सुपारीच्या कोळेरोगासाठी (फळं कुजण्याच्या रोगासाठी) १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, त्यात तांबं सुमारे २५० ग्रॅम. वर्षानुवर्षं पावसाळ्यात हे फवारल्यावर गांडुळं कमी झाली, तर दोष काल आणलेल्या नॅनो कॉपरच्या बाटलीला देऊ नका. आणि बोर्डो चालू ठेवून ती बाटली वर जादाही घालू नका.

मृदा आरोग्य पत्रिकेत नॅनोकण शोधणं

पत्रिकेतल्या १२ घटकांत सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, जस्त, तांबं असतं. नॅनोकण दिसत नाहीत. त्यांना फार महागडी यंत्रं लागतात. तरी आधी पत्रिकाच बघा, तांबं-जस्त जास्त आहे का ते तरी कळेल. सामू फार खाली असेल तर चुना आणि शेणखत दोन्ही धातूंना आवरतात.

मग घरी गांडुळांना विचारा. डब्याच्या मधोमध पुठ्ठा उभा करून एका बाजूला संशयित माती, दुसऱ्या बाजूला तशीच पण न फवारलेली माती, ओल सारखीच. पुठ्ठा काढून रेषेवर १० गांडुळं सोडा, भोकांचं झाकण लावा, ४८ तासांनी पुठ्ठा पुन्हा घालून मोजा. संशयित बाजूला एखादंच सापडलं आणि चार-पाच वेळा तसंच झालं, तर ती माती तपासून घ्या. एका डब्यात दोन्हीकडे चांगलीच माती भरून पाहा. तिथे गांडुळं साधारण निम्मी-निम्मी वाटली गेली पाहिजेत. एका बाजूला शेणखत जास्त पडलं तर ती खाण्यामागे जातात. आणि खाजणाच्या मातीला ही चाचणी लावू नका. तिथे गांडुळं मिठालाच पळतात.