एलिमेंटरी ओएस टाकायचंय? आधी लोकांची मतं नीट वाचा, मग आठ दिवस स्वतः वापरून बघा

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी जुना लॅपटॉप घेऊन घरी येतंय, की यावर विंडोज ११ बसत नाही, ते छान दिसणारं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून दे. छान दिसणारं म्हणजे त्यांना एलिमेंटरी ओएस म्हणायचं असतं. येणाऱ्यानं आधीच लोकांची मतं भरपूर वाचलेली असतात आणि त्यानंच तो गोंधळलेला असतो, कारण एकजण म्हणतो यासारखं देखणं दुसरं नाही, दुसरा म्हणतो दोन दिवसात काढून टाकलं. माझं म्हणणं एवढंच की दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांची कामं वेगळी आहेत, आणि तुमचं काम कोणाच्या कामासारखंय ते ओळखता आलं की अर्धा निर्णय तिथंच होतो.

मत वाचताना पहिल्यांदा तारीख बघा. हे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा हा प्रकार, २०११ पासून आहे, त्यावेळी पहिलं व्हर्जन ज्युपिटर आलं, मग लूना, फ्रेया, लोकी, जूनो, हेरा, ओडिन, होरस अशी नावं आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ८ आलं, जे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ व्हर्जनवर उभं आहे. आता लोकीच्या काळात कोणीतरी लिहिलेलं असतं की ॲप्स फारच कमी मिळतात, आणि ते त्यावेळी खरंही होतं, पण ८ मध्ये ॲपसेंटरला, म्हणजे त्यांच्या ॲप स्टोअरला, फ्लॅटहब हे लिनक्स ॲप्सचं मोठं भांडार आधीच जोडलेलं येतं, त्यामुळं लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप, क्रिटा, व्हीएलसी हे सगळं तिथूनच एका क्लिकवर उतरतं. म्हणजे आठ-नऊ वर्षांपूर्वीची तक्रार वाचून आज घाबरायचं कारण नाही. व्हर्जनचं नावच दिलं नसेल तर ते मत सरळ सोडून द्या.

दुसरं बघायचं ते लिहिणारा दिवसभर करतो काय. प्रोग्रामिंग करणारा, लिहिणारा, ब्राउझरमध्येच काम असणारा माणूस खूश असतो. सगळं स्वतःच्या मनासारखं फिरवून घ्यायची सवय असलेला चिडतो, कारण इथं सेटिंगच कमी ठेवलीत, आणि ती मुद्दाम कमी ठेवलीत. बनवणाऱ्यांचा विचार असा की आधीच नीट ठरवून दिलं तर वापरणाऱ्याला शंभर बटणं द्यायची गरज पडत नाही. डेस्कटॉपवर आयकॉन नाहीत, फाइल्स या ॲपमध्ये फोल्डर एका क्लिकवर उघडतं पण फाइल दोन क्लिकवर, आणि खिडकीला डावीकडं बंद करायचं बटण, उजवीकडं मोठं करायचं, मिनिमाइजचं नाहीच. सगळ्यात जास्त भांडणं या मिनिमाइजवरून होतात.

हे मी डोळ्यानं बघितलंय. माझा मामेभाऊ सोलापुरात, अशोक चौक भागात राहतो, टॉवेल-चादरीची डिझाइनं काढतो. त्याच्या घरच्या लॅपटॉपवर मी ८ टाकून दिलं. एका खिडकीत गिंपमध्ये मोराची बॉर्डर झूम करून ठेवलेली, एकेक चौकोन भरायचा, दुसऱ्या खिडकीत पार्टीनं पाठवलेला फोटो. फोटो बाजूला करायला त्याचा माऊस सवयीनं वर उजव्या कोपऱ्यात जायचा आणि फोटो लहान व्हायच्याऐवजी पूर्ण स्क्रीनभर पसरायचा. सलग तीनदा झालं. "दादा, खाली घालवायचं बटणच नाही की याला!" मग त्याला दाखवलं, टचपॅडवर तीन बोटं वर ओढ, सगळ्या खिडक्या समोर येतात, फोटोची खिडकी उचलून दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे शेजारच्या वेगळ्या डेस्कटॉपवर, टाक आणि तीन बोटं डावी-उजवीकडं सरकवत ये-जा कर. खिडकी खालीच घालवायची असेल तर सुपर की, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली, आणि एच. चौथ्या दिवशी गेलो तर त्यानं एका वर्कस्पेसवर डिझाइन, दुसऱ्यावर फोटो आणि तिसऱ्यावर व्हॉट्सॲप असं मांडून ठेवलेलं, आणि मिनिमाइजचा विषय त्यानं काढलाच नाही. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिटवर जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणायचं, सॉफ्टवेअर आहे ते विंडोजवरच चालतं, म्हणून तिथला कॉम्प्युटर तसाच ठेवला, त्याला हात लावला नाही. त्याचं मत विचारलं तर तो चांगलंच सांगणार, पण घरच्या लॅपटॉपपुरतं, हे लक्षात घ्या.

मॅकची नक्कल आहे का, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. खाली डॉक आहे, वर पट्टी आहे, पहिल्या नजरेला तसं दिसतं खरं, पण पँथिऑन हा डेस्कटॉप त्यांनी स्वतः लिहिलाय आणि आठ दिवस वापरल्यावर सवयी वेगळ्या लागतात, त्यामुळं या वादात वेळ घालवू नका. पैशाचंही तसंच. डाउनलोडच्या पानावर रक्कम विचारतात, २०१५ मध्ये यावरून बराच गदारोळही झाला होता, पण शून्य टाकलं तरी फाइल पूर्णच मिळते. मला मात्र वाटतं, वापरून आवडलं तर जमेल तेवढं द्यावं, मोजकी माणसं हे सगळं सांभाळतायत.

आता करायचं कसं. ४ जीबी रॅम आणि एसएसडी पाहिजेच, जुन्या हार्डडिस्कवर टाकून कोणी स्लो आहे म्हणत असेल तर त्याचं मत धरू नका, आधी एसएसडी बसवा, तेवढ्यानंच लॅपटॉप नवा झाल्यासारखा वाटतो. आयएसओ फाइल, म्हणजे इंस्टॉलची पूर्ण फाइल, उतरवा, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बलेना एचर या प्रोग्रामनं लिहा (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असतील तर आधी काढून घ्या). लॅपटॉप चालू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा, कंपनीप्रमाणं की बदलते. मग इंस्टॉल न करता डेमो मोड निवडा. इथंच वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसच्या की, ब्लूटूथ, कॅमेरा सगळं तपासा. माझ्या एका लॅपटॉपचं वायफाय डेमोमध्ये दिसलंच नव्हतं, मी घाईत तरी इंस्टॉल केलं आणि मग चार दिवस मोबाइलची केबल लावून नेट वापरत ड्रायव्हर शोधत बसलो.

डेमोत सगळं चाललं तरच इंस्टॉलला हात घाला, आणि इथं डोळ्यात तेल घालून वाचा. यांच्या इंस्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी आपोआप बसवून देणारा पर्याय नाही. डिस्क पुसून इंस्टॉल करा, नाहीतर कस्टममध्ये स्वतः पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, करा, एवढंच. कितीतरी लोकांचा राग यावरच आहे की माझा डेटा गेला, तो डेटा या एका स्क्रीनवर जातो. पार्टिशनचं कळत नसेल तर डिस्क पुसायचीच असं धरून सगळा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, तो उघडतोय का ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा, मगच पुढं जा. आणि बॅटरी फुल करून, चार्जर लावून बसा, आपल्याकडं उन्हाळ्यात लाइटीचा भरवसा नाही.

त्यानंतरचे आठ दिवस महत्त्वाचे. महिन्यातून करता ती सगळी कामं कागदावर लिहा आणि एकेक करून बघा. मराठी टाइप करणाऱ्यांनी सेटिंगमध्ये कीबोर्डला जाऊन लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा, युनिकोड मराठी छान दिसतं. पण पत्रिका, फ्लेक्स, डीटीपीचं काम असेल तर स्पष्ट सांगतो, श्रीलिपी आणि कोरलड्रॉ यावर नाही, जुन्या फाइल्स इंकस्केपमध्ये जशाच्या तशा उघडतील ही आशा नको. टॅलीचंही तेच. प्रिंटरची खात्री पहिल्याच दिवशी करा, जुने लेझर प्रिंटर फार त्रास देतात. एखादं ॲप विचित्र वागलं, स्क्रीन शेअर होईना, तर लॉगिनच्या पडद्यावर क्लासिक सेशन निवडून परत बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

अजून एक गोष्ट जी कौतुक करणारे सांगत नाहीत: मोठं व्हर्जन बदललं की जागच्या जागी अपग्रेड होत नाही, ७ वरून ८ वर जायला नव्यानं इंस्टॉल करावं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी एक रविवार यासाठी द्यायची तयारी नसेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विंडोजसारखंच सगळं दिसायला पाहिजे असेल, तर मी स्वतः मिंट हे दुसरं लिनक्स टाकून देतो.

आठ दिवस झाले की तुम्हीपण तुमचं मत लिहा, पण त्यात लॅपटॉपचं मॉडेल, रॅम किती, डिस्क कुठली, व्हर्जन कोणतं, किती दिवस वापरलं आणि त्यावर काम काय करता हे घाला, म्हणजे तसलाच लॅपटॉप असलेल्या पुढच्या माणसाला ते उपयोगी पडेल.