गावावरचा डोंगर सुटतोय का, हे कसं ओळखावं

माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, तळियेची २२ जुलै २०२१ ची, इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ ची. तिन्ही जुलैतल्या. म्हणून डोंगराची पाहणी मे महिन्यातच करा. गवत वाळलेलं असतं, भेगा उघड्या दिसतात.

आधी समोरच्या टेकाडावरून कडा नीट न्याहाळा. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. काळ्या कातळाच्या थरांमध्ये ठिकठिकाणी लाल, मऊ गेरूचा पट्टा असतो. तो लवकर झिजतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. कातळात उभ्या भेगा असतातच. त्यांत पावसाचं पाणी साठलं की ते दगडाला बाहेर रेटतं. पायथ्याशी ताजे, शेवाळ न धरलेले दगड दिसले तर वरचा भाग सुटू लागलाय असं समजा.

मग वर पठारावर जा. एकट्याने नको, आणि पावसात तर नकोच. कड्याला समांतर किंवा चंद्रकोरीसारखी वळलेली भेग शोधा. सापडली, तर तिच्या दोन्ही बाजूंना, काठापासून थोडं लांब, लोखंडी सळीचे तुकडे घट्ट ठोका. दोन्ही सळ्यांच्या माथ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि वहीत तारीख, वेळ, पाऊस यांसकट लिहा. एक बाजू खचतेय का, हेही बघा. त्यानंतर भेग चिकणमातीने बुजवा आणि वरून येणारं पाणी चर खणून दुसरीकडे वळवा. घराच्या भिंतीला तडा असेल तर त्याच्या दोन्ही कडांना पेन्सिलीने खुणा करून तोही मोजत राहा.

भेग किती रुंद आहे यापेक्षा ती किती वेगाने रुंदावतेय, हे जास्त महत्त्वाचं. आठवड्याला दोन मिलिमीटर वाढणारी भेग दिवसाला दोन मिलिमीटर वाढू लागली, तर अजून मोजायला वर चढू नका, गाव हलवा. स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ गावावरचा डोंगर असाच यंत्रांनी सतत मोजला जात होता. वेग वाढल्यावर मे २०२३ मध्ये गाव रिकामं केलं. जूनमध्ये दरड रात्री कोसळून गावाच्या वेशीपाशी थांबली, तेव्हा तिथे कुणीही नव्हतं.

पण सळ्या हलल्या नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. उतारावरची माती आणि मुरूम अतिवृष्टीत जवळपास काहीच इशारा न देता चिखल होऊन खाली येतात. म्हणून सतत मुसळधार पाऊस असेल, तर उताराखालच्या घरांतली माणसं अंधार पडण्याआधीच हलवलेली बरी. माझ्या मते हा निर्णय गावाने उन्हाळ्यातच करून ठेवावा: कुठे जायचं, म्हाताऱ्यांना कोण नेणार, गुरं कधी सोडायची.

पावसात या खुणांवर डोळा ठेवा: नवीन झरा फुटणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, दारं चौकटीत अडकणं. पाऊस धो-धो पडत असताना ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर वर कुठेतरी दरडीने तो अडला असू शकतो. तो बांध फुटला की सगळं एकदम खाली येतं. अशा वेळी ओढ्याकाठून पळू नका. उताराला आडवं, बाजूला निघा आणि सुरक्षित जागी पोहोचल्यावर ११२ ला फोन करा.

एक दरड येऊन गेली म्हणून सामान आणायला परत फिरू नका. उघडा पडलेला वरचा भाग पुन्हा सुटू शकतो.