यूकेत आल्यावर सेकंड हँड गाडी: बघायला जायच्या आधीची आणि गेल्यावरची तयारी

साताऱ्यात बाबांनी जुनी गाडी घेतली तेव्हा यादी बिदी काही नव्हती, आमचा नेहमीचा मेकॅनिक सोबत घेतला आणि गेलो. त्याने बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढून ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला, मालकाला म्हणाला जरा रेस द्या, आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरसमोर तळहात धरून उभा राहिला. मग बाबांकडे बघून नुसती मान हलवली, झाला व्यवहार. इथे रेडिंगला आल्यावर पहिल्यांदा गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा तो माणूस किती मोलाचा होता ते कळलं, कारण इथे आपल्या बाजूने मान हलवणारं कोणी नसतं. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा पुढच्या महिन्यात लेस्टरला येतायत, तिला फोनवर तुकड्या तुकड्यात सांगत होते, मग म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

सुरुवात भारतातूनच करा. तुमचं लायसन्स अजून किती दिवस चालू आहे ते बघा, संपत आलं असेल तर निघायच्या आधी रिन्यू करून घ्या, इथून ते करणं फार कटकटीचं आहे. तिकडच्या इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र इंग्लिशमध्ये मागून घ्या, लेटरहेडवर, किती वर्षं क्लेम नाही ते स्पष्ट लिहिलेलं. इथल्या बऱ्याच कंपन्या ते मानत नाहीत पण काही मानतात, आणि मानलं तर चांगलेच पैसे वाचतात, एका ईमेलचं तर काम आहे.

आता लायसन्सचं. तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. पण भारतीय लायसन्स इथल्या लायसन्सशी नुसतं बदलून मिळत नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही टेस्ट द्याव्याच लागतात, मग तिकडे २० वर्षं घाटात गाडी चालवली असली तरी. त्यासाठी आधी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स लागतं, ऑनलाइन ३४ पौंड, मग थिअरीचे २३ आणि प्रॅक्टिकलचे आठवड्याच्या मधल्या दिवशी ६२. पैशाचं एवढं नाही पण प्रॅक्टिकलची तारीख मिळायला कित्येक सेंटरला महिनोन्महिने लागतात, म्हणून आल्या आल्या पत्ता पक्का झाला की प्रोव्हिजनलला अर्ज करून टाका. आमच्या ओळखीत दोघं जण दहाव्या महिन्यात जागे झाले, मग वर्ष संपल्यावर दाराशी उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीला एल बोर्ड लावून शेजारी तीन वर्षं जुनं लायसन्स असलेला माणूस बसवून चालवावी लागली. अजून एक, टेस्ट ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं, त्यामुळे गाडी कुठली घ्यायची हे टेस्ट कशावर देणार त्याच्याशी जोडलेलं आहे, घरात आधी ते ठरवा.

आणि मग इन्शुरन्स, हे मी सगळ्यात कळकळीने सांगते, गाडी आवडायच्या आधी इन्शुरन्सचा कोट काढा, म्हणजे हप्ता किती पडेल तो आकडा. आम्ही उलटं केलं. छान निळी गाडी दिसली, १०० पौंड डिपॉझिट देऊन आलो, रात्री जेवणं झाल्यावर कोट काढायला बसलो तर वर्षाचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर. कारण नवीन पत्ता, भारतीय लायसन्स, इथला काहीच रेकॉर्ड नाही आणि गाडीचं इंजिन मोठं. डिपॉझिट परत मिळालं नाही. इथे गाड्यांचे १ ते ५० असे इन्शुरन्स ग्रुप असतात, नंबर जितका लहान तितका हप्ता कमी, म्हणून पहिली गाडी लहान इंजिनची, खालच्या ग्रुपमधली बघा. जाहिरातीत नंबर प्लेट दिसतेच, तो नंबर कंपेअर साइटवर, म्हणजे बऱ्याच कंपन्यांचे आकडे एकदम दाखवणाऱ्या साइटवर टाकायचा, लायसन्स कुठलं आणि किती वर्षांचं ते खरं खरं भरायचं, पाच मिनिटांत आकडा येतो. सुरू करायच्या तारखेच्या साधारण तीन आठवडे आधी कोट काढला तर बहुतेक वेळा स्वस्त पडतो. आणि बायकोचं लायसन्स जुनं म्हणून ती मेन ड्रायव्हर दाखवायची आणि रोज चालवायची नवऱ्याने, असलं कोणी सुचवलं तर ऐकू नका, ती फसवणूक धरतात आणि क्लेमच्या वेळी हात वर करतात. बिनाइन्शुरन्स सापडलात तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर शिक्षेचे ६ पॉइंट, आणि टेस्ट पास होऊन दोन वर्षं व्हायच्या आत ६ पॉइंट झाले की लायसन्सच जातं.

बजेट ठरवताना गाडीची किंमत म्हणजे सगळं बजेट असं धरू नका. इन्शुरन्स, रोड टॅक्स, आणि पहिल्या दोन महिन्यांत टायर-ब्रेकचं जे काही निघेल ते, एवढं बाजूला काढून उरेल ती गाडीची किंमत. रोड टॅक्समध्ये एक गंमत आहे, १ एप्रिल २०१७ च्या आधी रजिस्टर झालेल्या गाड्यांचा टॅक्स धुराच्या प्रमाणावर ठरतो, त्यामुळे त्यातल्या काही लहान गाड्यांना अगदी किरकोळ टॅक्स आहे, आणि त्यानंतरच्या साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना सरसकट वर्षाला दोनशे पौंडांच्या आसपास. डिझेल स्वस्तात दिसते म्हणून मोहात पडू नका. ऑगस्ट २०२३ पासून अख्ख्या लंडनमध्ये यूलेझ आहे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारा झोन, नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड, आणि डिझेल साधारण सप्टेंबर २०१५ च्या आधीची असेल तर ती बहुतेक बसत नाही, पेट्रोल मात्र २००६ नंतरची बहुतेक बसते. बर्मिंगहॅम आणि ब्रिस्टललाही असे झोन आहेत. शिवाय डिझेलच्या सायलेन्सरमधला फिल्टर शाळा-दुकान-स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांनी चोंदतो आणि त्याचा खर्च मोठा असतो.

आता घरी बसून करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते फुकट आहे. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी टेस्ट करावी लागते, आपल्याकडच्या पीयूसीसारखं दोन मिनिटांत कागद हातात असं नाही, गाडी वर उचलून ब्रेक, सस्पेन्शन, गंज, लाइट सगळं बघतात. आणि त्या सगळ्या टेस्टचा इतिहास सरकारच्या गव्ह डॉट यूके साइटवर नुसता नंबर टाकला की कोणालाही दिसतो. चहा घेऊन बसा आणि खालून वर वाचत या, म्हणजे सगळ्यात जुनी टेस्ट आधी. प्रत्येक टेस्टला मैल किती होते ते लिहिलेलं असतं, आठ-दहा हजार मैल वर्षाला हे इथे नॉर्मल समजतात, मधेच आकडा कमी झाला असेल तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो. पास-नापासपेक्षाही ॲडव्हायजरी वाचा, म्हणजे आत्ता पास करतोय पण हे लक्षात ठेवा अशी टेस्टरची नोंद. एका गाडीला सलग तीन वर्षं तीच नोंद होती, मागच्या ब्रेक पाइपला गंज, दरवर्षी तेच वाक्य, मालकाने तीन वर्षांत हात लावला नव्हता. त्या मालकाने ऑइल तरी वेळेवर बदललं असेल का? आम्ही गाडी बघायलाही गेलो नाही. आपल्या मेकॅनिकची मान हलायची ना, तीच ही नोंद.

त्यानंतर थोडे पैसे भरून हिस्ट्री चेक, म्हणजे गाडीच्या मागच्या भानगडींची तपासणी करा, दहा-वीस पौंडांत होतो. इथे आपली माणसं हमखास फसतात, कारण आपल्याकडे गाडीवर कर्ज असलं की आरसी बुकवर हायपोथिकेशन लिहिलेलं असतं, बँकेची एनओसी लागते. इथल्या लॉगबुकवर, म्हणजे व्हीफाइव्हसीवर, कर्जाचा उल्लेखच नसतो. त्या कागदावर ज्याचं नाव तो फक्त रजिस्टर्ड कीपर, मालक असेलच असं नाही, हप्ते चालू असतील तर मालक फायनान्स कंपनी असू शकते आणि ती गाडी तुमच्या दारातून नेऊ शकते. म्हणून फायनान्सचा चेक असलेलाच रिपोर्ट घ्या, अगदी स्वस्तातल्या रिपोर्टमध्ये तेवढंच नसतं. त्यातच चोरीची आहे का आणि राइट-ऑफ झालीय का, म्हणजे अपघातानंतर इन्शुरन्स कंपनीने कधी मोडीत धरलीय का, तेही कळतं. कॅटेगरी एस म्हणजे सांगाड्याला मार बसून दुरुस्त केलेली, एन म्हणजे सांगाडा सोडून बाकीचं नुकसान. एन स्वस्तात मिळते आणि काही जण जाणूनबुजून घेतात, पण पहिल्या गाडीला मी तरी दोन्ही टाळेन.

डीलरकडून की घरगुती? नवीन आलेल्यांनी शक्यतो डीलरकडून घ्या असं माझं मत आहे, थोडे जास्त गेले तरी. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे डीलरच्या गाडीत आधीपासूनचा दोष निघाला तर ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात, आणि सहा महिन्यांपर्यंत त्याला दुरुस्तीची संधी देऊन भांडता येतं. घरगुती विक्रेत्याकडून घेतली की वर्णनाप्रमाणे असली म्हणजे झालं, बाकी तुमचं नशीब. म्हणून काही धंदेवाले घरगुती असल्याचं भासवतात. ते ओळखायला फोनवर नुसतं म्हणायचं, "गाडीबद्दल फोन केलाय." समोरून "कुठली गाडी?" असं आलं तर त्याच्याकडे चार गाड्या आहेत हे समजून जायचं.

बघायला दिवसा जा, कोरड्या हवेत जा, पावसात सगळेच पत्रे चकचकीत दिसतात. घरगुती असेल तर त्याच्या घरीच भेटा, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये नाही, कारण लॉगबुकवरचा पत्ता आणि समोरचं घर एक आहे का ते बघायचंय. गाडी गरम करून ठेवू नका असं आधी फोनवर सांगा आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर का ते विचारा, थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डचे सगळे दिवे लागून मग विझले पाहिजेत, इंजिनचा दिवा मुळात लागलाच नाही तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, लोण्यासारखी पांढरट साय असेल तर सावध व्हा. थंडीत छोट्या फेऱ्यांनी थोडी साय धरते, पण कूलंटवरही तेलाचा तवंग दिसला तर सरळ निघून या, कूलंटचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे गंज खालून लागतो, गुडघे टेकून दाराखालची पट्टी आणि चाकांवरच्या कमानीची आतली बाजू मोबाइलच्या टॉर्चने बघा, लाज वाटू देऊ नका. टायरसाठी २० पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला, नाण्याची बाहेरची कड पूर्ण आत गेली नाही तर टायर कायद्याच्या १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला असू शकतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा, तोंडी नको. दोन्ही किल्ल्या आहेत का बघा, आणि चाकाच्या लॉकिंग नटची, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या नटची छोटी चावी दाखवा म्हणा. आम्ही ती विचारली नव्हती, नोव्हेंबरच्या रात्री पंक्चर झालं तेव्हा चाकच निघेना, मुलगा मागे झोपलेला, दोन तास बसून होतो.

टेस्ट ड्राइव्हला डीलरचा इन्शुरन्स बहुतेक असतो, घरगुती गाडीला तुमचा हवा, एक दिवसाचाही मिळतो पण भारतीय लायसन्सवर सगळीकडे नाही, आधी बघून ठेवा. चालवताना रेडिओ बंद, खिडकी उघडी. चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही म्हणजे क्लच घसरतोय. मनात शंका राहिली तर एए किंवा आरएसी या गाडी बंद पडल्यावर मदतीला येणाऱ्या कंपन्यांचा माणूस पैसे भरून बोलावता येतो, तो गाडी तपासून लेखी रिपोर्ट देतो. महागड्या गाडीला तर बोलवाच.

पैसे देताना लॉगबुक समोर पाहिजे, "पोस्टात आहे, येईल" वर एक पौंडही देऊ नका. त्यावरचा चासी नंबर काचेच्या कोपऱ्यातल्या नंबरशी एकेक अक्षर जुळवा. पैसे बँक ट्रान्सफरने द्या, खात्याचं नाव जुळतंय असं ॲपने दाखवल्यावरच, आणि तुमच्या नवीन खात्याची दिवसाची लिमिट आदल्या दिवशी वाढवून ठेवा नाहीतर तिथे दारात उभं राहून बँकेला फोन लावावा लागतो. पावती लिहून दोघांनी सही करा. विक्रेत्याने तुमच्यासमोरच डीव्हीएलएच्या, म्हणजे इथल्या आरटीओसारख्या सरकारी खात्याच्या साइटवर तुमचं नाव-पत्ता भरायचा आणि हिरवी न्यू कीपर स्लिप तुम्हाला द्यायची. जुन्या मालकाचा टॅक्स २०१४ पासून गाडीबरोबर येत नाही, स्लिपवरचा १२ आकडी नंबर टाकून तिथेच मोबाइलवर स्वतःचा टॅक्स भरा, इन्शुरन्स चालू झालाय ते ईमेलमध्ये बघा, मगच गाडी रस्त्यावर काढा. टॅक्स महिन्याच्या एक तारखेपासून लागतो, त्यामुळे २९ ला गाडी आणली तरी तो महिना पूर्ण भरावा लागतो, दोन दिवस थांबता आलं तर थांबा.

नवीन लॉगबुक काही दिवसांत पोस्टाने येतं. आलं की नावाचं स्पेलिंग आणि फ्लॅट नंबर लगेच तपासा, कौन्सिलचं पार्किंग परमिट बऱ्याच ठिकाणी त्याच कागदावर मिळतं, आणि तो कागद गाडीत ठेवू नका, घरात पासपोर्टच्या फाइलला लावा.