ओढ्याचा प्रवाह मोजताना या चुका टाळा

पावसाळा सरल्यावर गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, तर ओढ्यातून सेकंदाला किती लिटर पाणी वाहते हा आकडा लागतोच. तो काढण्याची तरंगत्या वस्तूची रीत सोपी आहे: काटछेदाच्या (पात्र आडवे कापल्यास दिसणाऱ्या पाण्याच्या भागाच्या) क्षेत्रफळाला पाण्याच्या वेगाने गुणायचे. तरीही हाती येणारा आकडा पुष्कळदा दुपटीने फुगलेला असतो आणि त्यावर विसंबून जास्त क्षेत्रावर गहू पेरणाऱ्याला शेवटच्या पाळ्यांना पाणी पुरत नाही.

सर्वांत मोठी चूक खोलीची असते. ओढ्याच्या मध्यभागी काठी बुडवून मिळालेली खोली पूर्ण रुंदीला लावली जाते. समजा, पात्र 2 मीटर रुंद आहे आणि दर अर्ध्या मीटरवर खोली अनुक्रमे 0, 12, 22, 15 आणि 0 सेंटिमीटर भरली. या नोंदींवरून काटछेद 0.245 चौरस मीटर येतो. केवळ मधली 22 सेंटिमीटर खोली धरली, तर तोच 0.44 होतो. ज्यांनी पाच ठिकाणी मापे घेतली, तेही काठाची शून्ये सोडून 12, 22 आणि 15 यांची सरासरी काढतात व क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढवून बसतात. खोल्यांची बेरीज 49 असेल, तर तिला भागांच्या संख्येने, म्हणजे चाराने भागावे.

दुसरी चूक वेगाची. तरंगती वस्तू म्हणून सोडलेले संत्रे 10 मीटर अंतर 25 सेकंदांत कापत असेल, तर तो सेकंदाला 0.4 मीटर वेग पृष्ठभागाचा असतो. तळाशी व काठाशी पाणी घर्षणामुळे संथ वाहते. म्हणून गुळगुळीत पात्रात या वेगाला साधारण 0.85 ने आणि दगडगोट्यांच्या उथळ पात्रात त्याहून कमी, 0.7 च्या आसपासच्या गुणकाने गुणावे लागते. वरच्या उदाहरणात गुणकाविना सेकंदाला 98 लिटर येतात, 0.85 धरल्यास 83 आणि 0.7 धरल्यास 69. मधलीच खोली धरून गुणकही विसरणाऱ्याला मात्र 176 लिटर दिसतात. थर्माकोल किंवा वाळके पान वाऱ्याने ढकलले जाते. बहुतांशी बुडून तरंगणारे संत्रे घ्यावे, ते मोजणीच्या रेषेच्या थोडे वरच्या अंगाला सोडावे आणि निदान पाच फेऱ्यांची सरासरी घ्यावी. डोह, वळण किंवा भोवरा असलेली जागा टाळून सरळ, एकसारखे पात्र निवडावे. त्यासाठी अर्धा तास चालावे लागले, तरी ते श्रम सार्थकी लागतात.

उन्हाळ्याकडे पाणी उथळ झाले की ही रीत सोडून द्यावी. धार एका जागी पडत असेल, तर बादली पुरते: 20 लिटरची बादली 8 सेकंदांत भरली, तर प्रवाह सेकंदाला अडीच लिटर. दोनच सेकंदांत भरत असेल, तर अर्ध्या सेकंदाची चूकही फार मोठी ठरते. तिथे मोठे पिंप लावावे. प्रवाहात आडव्या लावलेल्या पत्र्याला 90 अंशांची त्रिकोणी खाच पाडून तिच्यातून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह मोजणाऱ्यांनी पाण्याची उंची खाचेपाशी घेऊ नये, कारण तिथे पाणी खाली वाकलेले असते. ती उंचीच्या चौपट अंतर मागे घ्यावी. 10 सेंटिमीटर उंचीला सेकंदाला सुमारे 4.4 आणि 11 सेंटिमीटरला सुमारे 5.5 लिटर प्रवाह असतो, म्हणजे एका सेंटिमीटरची गफलत पाव हिश्शाहून जास्त पडते. आकडा अनपेक्षितपणे कमी आल्यास पत्र्याखालून किंवा कडेने पाणी झिरपते का, ते आधी पाहावे.

पाऊस नसताना सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत मोठी तफावत आढळली, तर मोजणीवर शंका घेण्यापूर्वी वरच्या अंगाला कोणाचे शेतीपंप चालू होते, याची चौकशी करावी. कृषी वाहिनीची (शेतीपंपांसाठीच्या वेगळ्या तारेची) वीज येताच ओढ्याची पातळी उतरते. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि पंपांची स्थिती लिहावी.