चार भाषांच्या जिल्ह्यात आवाज पोचवायचा तर

गडचिरोलीत एका लहान संस्थेसाठी मी सहा वर्षं ऑडिओ कार्यक्रम केले. स्टुडिओ वगैरे काही नव्हता. एक मोबाईल, एक कॉलर माइक आणि आठवडी बाजारात वाजवायला बॅटरीवरचा स्पीकर. धानोऱ्याकडे गोंडी, भामरागडला माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्यांची बंगाली. तुम्हाला असं काही करायचं असेल तर आधी आमची फजिती ऐका.

मलेरियावर मी मराठीत झकास संहिता लिहिली. धानोऱ्याकडच्या एका गुरुजींकडून ती गोंडीत करून घेतली आणि भामरागडच्या बाजारात लावली. बायका हसत सुटल्या. एका आजीने विचारलं, "हा पाहुणा कुठला?" बोली तर तिची नव्हतीच, शिवाय शब्द गोंडी असले तरी वाक्यं माझीच होती, मराठी.

तेव्हापासून संहिता बंद. तुम्हीही लिहू नका. त्याच बोलीतली दोन माणसं समोरासमोर बसवा आणि एकच प्रश्न द्या: "ताप आला की तुमच्याकडे आधी काय करतात?" एकटा माणूस माइकसमोर भाषण देतो, दोघं असले की बोलतात. भाषांतर नंतर करा, त्यांच्या भाषेतून तुमच्या भाषेत. ते ऐकणाऱ्यांसाठी नाही, तुम्हाला कळावं म्हणून.

भाषांतर करणारा बहुतेकदा आश्रमशाळेत शिकलेला मुलगा असतो. बाई पाच मिनिटं बोलते आणि तो सांगतो, "हो म्हणते." म्हणून तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाला तरी वेगळं ऐकवा. आणि मजुरी रोजच्या रोज द्या. आम्ही त्याला 'स्वयंसेवक' म्हणत राहिलो. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली आणि तो निघून गेला. त्याचं बरोबरच होतं. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला लोक पहाटेच जंगलात जातात, तेव्हा सकाळचं रेकॉर्डिंग ठरवूच नका.

परवानगीसाठी कागद पुढे केला की माणसं गप्प होतात. तोंडी, त्यांच्याच भाषेत विचारा आणि तेही रेकॉर्ड करा. मग सगळं वाजवून दाखवा आणि पुन्हा विचारा, "बाजारात लावू?" एका काकांनी दुसऱ्यांदा ऐकल्यावर पुतण्याचं नाव काढायला लावलं. काढलं. सणाची गाणी मात्र गायत्याला, म्हणजे गावाचे धार्मिक विधी करणाऱ्याला, विचारल्याशिवाय लावू नका. मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत, आणि आम्ही पंडुमचं गाणं भर पावसाळ्यात लावलं होतं. जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रेडिओ केंद्रच का नाही, असं सगळे विचारतात. सामुदायिक रेडिओच्या 2006 च्या धोरणानंतर संस्थांना परवाना मिळतो. तेलंगणातल्या माचनूरला दलित बायकांचं संगम रेडिओ 2008 पासून 90.4 एफएमवर बोलतंय, ते जरूर बघून या. पण संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षं जुनी लागते, ट्रान्समीटर लहान, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सपाट मुलखात ठीक. आमच्या डोंगर-जंगलात विखुरलेल्या पाड्यांना ते पुरलं नसतं. आम्ही मेमरी कार्डं भरून वाटली. तिथे त्याला 'चिप' म्हणतात. ही वाटणी जूनच्या आत उरका, कारण पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटतं. आणि प्रत्येक फाइलच्या नावात गाव, बोली, तारीख टाका. आमच्याकडे 'नवीन 1', 'नवीन 2' अशा चाळीस फाइली पडून आहेत.

मलेरियाचा कार्यक्रम शेवटी भामरागडच्याच दोघी जावांनी केला. आधी पुजाऱ्याकडे जायचं की आधी रक्त तपासायचं, यावरून त्या अशा भांडल्या की मी कात्री लावायलाच निघाले होते. सहकाऱ्याने थांबवलं. पुढच्या बाजाराला स्पीकर लावायच्या आधीच लोक विचारायला आले, भांडणाचा पुढचा भाग कुठे आहे?