आधारवरच्या बोटांच्या ठशांना कुलूप लावा

आधार जोडलेल्या खात्यातून बोटाचा ठसा घेणाऱ्या मशीनवर पैसे काढताना ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा पुरतो. खरेदीखतावरच्या ठशांवरून नकली ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे घडले आहेत. आणि ठसा काही पासवर्डसारखा बदलता येत नाही!

१. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये ‘बायोमेट्रिक लॉक’ चालू करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं आधी करा, त्यांच्याच खात्यांवर डोळा असतो.
२. तिथेच मागच्या ६ महिन्यांचा वापर तपासा. अनोळखी नोंद दिसली तर बँकेला कळवा, आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर फोन करा.
३. लॉजवर शेवटचे ४ अंकच दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या.

रेशनसाठी अंगठा लावण्याआधी लॉक तात्पुरतं उघडा, नाहीतर मशीन ठसा नाकारेल.