समन्स आलंय? कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात जायच्या आधी एवढं बघून ठेवा

पोलीस दारात समन्स देऊन गेला की आधी घरातले सगळे ओरडून घेतात, ते होऊ दे, तुम्ही कागद नीट वाचा. केस नंबर, कलम, तारीख आणि कितवं जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्ट, ह्या चार गोष्टी शोधा आणि फोटो काढून ठेवा. ईकोर्ट्स ॲप टाकून घ्या, १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा ओळख नंबर) टाकला की तारीख पुढं गेली का तेही कळतं.

आता पत्ता. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात जाऊ नका, तिथं १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, आपली मारामारी-शिवीगाळ-दारू पिऊन गाडी चालवायची मॅटर कसबा बावडा रोडच्या न्यायसंकुलात असतात. गुन्हा इचलकरंजी नाहीतर गडहिंग्लजचा असेल तर तिथलं कोर्ट वेगळं.

पिशवीत समन्स, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, थोडी कॅश. जामीन लागणार असेल तर जामीनदार सोबतच न्या, त्याचं आधार, रेशनकार्ड आणि सातबारा नाहीतर घरफाळ्याची पावती, आणि ओरिजिनल पण, झेरॉक्सवर भागत नाही. वकील परवडत नसेल तर तिथंच विधी सेवा प्राधिकरण आहे, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

साडेदहाला पोचा, बाहेरच्या बोर्डावर आपला नंबर बघा, मोबाईल सायलेंट करा आणि मग दारापासून हलू नका. मी एकदा ‘लई वेळ आहे अजून’ म्हणून चहाला खाली गेलो, कप हातात आला आणि वर शिपायानं माझं नाव तीनदा पुकारलं, बाकी दिवस वॉरंट निघू नये म्हणून अर्ज करण्यात गेला. आजारी असाल तर वकिलाकडून गैरहजेरी माफीचा अर्ज द्या, नुसतं घरी बसू नका.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर कोणतरी भेटतोच, ‘कबूल करून टाक भावा, दंड भर, सुटलास’ म्हणणारा. दंड किरकोळ असला तरी ती शिक्षाच, पुढं पासपोर्टला आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला विचारतात. जेएमएफसी कोर्टाला ३ वर्षांपर्यंत कैद देता येते आणि १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात दंडाची मर्यादा १० हजारावरून ५० हजार झालीय, काही गुन्ह्यांत समाजसेवा पण. त्यामुळं वकिलाशी बोलल्याशिवाय तोंड उघडू नका. तडजोडीसारखं असेल तर लोकअदालतीत ठेवता येईल का विचारा.

निघताना पुढची तारीख लिहून घ्या, दंड भरला असेल तर पावती, आणि गाडी पोलीस स्टेशनला अडकली असेल तर ती सोडायचा आदेश हातात घेऊनच गेटबाहेर पडा, नाहीतर परत बावड्याची चक्कर आलीच.